गाळपेरीच्या खुंट्या

परभणीच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं आणि माझीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात शाळेनं मला पाणथळ जागांवरच्या कार्यशाळेला पाठवलं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता. तिथून येताना मी एक प्रमाणपत्र, एक टोपी आणि स्वतःबद्दलचा भलामोठा गैरसमज घेऊन आलो. पुढच्या पगाराला दुर्बीण घेतली. त्या दिवसापासून माझ्याबरोबर चार पावलं चालणं घरच्यांना जड जायला लागलं, कारण रस्त्यात कुठंही पाणी साचलेलं दिसलं की मी थांबायचो आणि बोलायला लागायचो.

बायकोनं पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला. “नळाला पाणी आलंय का न्हाई ते बघायला तुमाला फुरसत न्हाई, आन डबकं बघायला दुर्बीण घेतलीत,” ती म्हणाली. मी तिला डबकं आणि पाणथळ यांतला फरक समजावून सांगायला लागलो. ती कणीक मळत होती. मळून झाली, पोळ्या झाल्या, जेवणं झाली, तरी माझा फरक संपला नव्हता.

आमचं गाव येलदरी धरणाच्या फुगवट्यावर आहे, म्हणजे धरणाचं पाणी पूर्णेच्या खोऱ्यात जिथवर मागं पसरतं त्याच्या काठाला. माय तिथंच राहते. परभणीला ये म्हणून मी दरवर्षी म्हणतो, ती दरवर्षी ‘बघू’ म्हणते, आणि ती येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून एखाददुसरा शनिवार सोडून आम्ही नवराबायको मोटारसायकलवर गावाकडं निघतो. कार्यशाळेच्या आधी सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचायचो. नंतर मायनं आमच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला सुरुवात केली.

कारण वाटेत माझा अभ्यासक्रम लागायचा. एके ठिकाणी कालव्याचा पाझर लागून शेताचा कोपरा कायमचा चिबड झालेला आहे. तिथं पाणकणीस माजलंय आणि त्यात जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात. मी गाडी उभी करून बायकोला सांगायचो, ही माणसाच्या हातून चुकून तयार झालेली पाणथळ. झरीला चहा घेऊन पुढं गेलं की एक गावतळं लागतं. ते जलपर्णीनं असं झाकलंय की पाण्याचा थेंब दिसत नाही. शेतातलं खत पावसाबरोबर वाहून तळ्यात उतरतं, त्यावर ही पर्णी पोसते, खालचं पाणी गुदमरतं आणि मासे मरतात, हे मी भर उन्हात सांगायचो. पुढच्या ओढ्यात लव्हाळ्यांचं दाट बेट होतं. पुराचं पाणी त्यात अडायचं, गाळून खाली जायचं. ते कुणीतरी पेटवून सपाट केलं आणि वर ऊस लावला. नदीतले डोह तर मोटारी लावून उन्हाळा लागायच्या आधीच उपसलेले. प्रत्येक पाण्याची तऱ्हा वेगळी आणि दुखणंही वेगळं, आणि मी सगळ्यांचा डॉक्टर. बायको मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ऐकायची, निदान मला तसं वाटायचं. एकदा चिबडावर बोलता बोलता मागं वळून पाहिलं तर ती त्या शेताच्या मालकिणीकडून अंबाडीची भाजी खुडून घेत होती.

या सगळ्या प्रकारांत एक प्रकार मी कधी धरला नव्हता, आणि तो नेमका मी ज्यात वाढलो तो होता. पावसाळ्यात धरण भरतं. दिवाळीनंतर कालव्यांना पाणी सुटायला लागतं तसं ते आमच्या काठावरून मागं सरकतं, आणि सरकताना काळाभोर मऊ गाळ उघडा टाकत जातं. त्याला नांगर लागत नाही, खत लागत नाही. बी टोचलं की येतं. याला गाळपेर म्हणतात. कागदावर ती जमीन सरकारची आहे आणि ती मागून घ्यायची पद्धतही कागदावर आहे. पण आमच्या गावात बायकांची एक रीत आहे, खुंटीची. पाणी मागं सरलं की जिला पेरायचं तिनं आपल्या तुकड्याच्या कडेनं खुंट्या रोवायच्या आणि त्यांना आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंध्या सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. कुणाची हिरवी, कुणाची ठिपक्यांची, कुणाची जरीच्या काठाची. एकदा खुंटी लागली की पाऊस पडून पाणी परत येईपर्यंत ती जमीन तिची. तिथं दुसऱ्या कुणी पाय टाकायचा नाही. मोजणी नाही, तक्रार नाही.

गाळपेर ज्यांना शेत नाही त्या घरांची, किंवा ज्यांचं आहे ते माळावरचं मुरमाड आहे त्यांची. आमच्या घराला जमीन कधीच नव्हती. माय लग्न होऊन आली त्या साली तिनं बुडालेल्या बाभळीच्या खोडापाशी खुंटी रोवली, आणि तेव्हापासून खोडापाशी निळी चिंधी दिसली की ती मायची. तिथं ती काकडी, वाळकं, थोडी भेंडी-गवार लावायची. तिथून थोडं पुढं पाण्यात घुसलेली गाळाची एक पट्टी आहे, तिला गावात जीभ म्हणतात. जिभेवर मावशी पेरायची. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे, मायची मैत्रीण; सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. तिच्या नवऱ्याचा माळावर खडकाळ तुकडा आहे. तिचं घर मारुतीच्या आळीला, आमचं विहाराजवळ. गावात घरं लांब लांब, पण गाळात खुंट्या शेजारी शेजारी. दहावीपर्यंत मी याच काठावर काकड्या खाल्ल्या आणि कुणाची चिंधी कुठली हे पाठ केलं. मग वसतिगृहात गेलो. हे सगळं मला माहीत होतं हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला अज्ञानाचं पांघरूण घालता येणार नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता आम्ही गावाकडं गेलो. जेवण झाल्यावर मी टोपी घातली, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि काठावर निघालो. जिभेवर पोचलो तर पायाजवळून एकदम पाखरांचा थवा उठला. गाळाच्या रंगाची, भिंगरीसारखी वळणं घेत उडणारी पाखरं. पुस्तकात त्यांना आर्ली म्हणतात. खाली पाहिलं तर उघड्या गाळात बोटभर खड्डा आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. थोडं पुढं अजून दोन. मग दिसायला लागली तशी सगळीकडं दिसायला लागली, म्हणजे इतका वेळ मी त्यांच्यातूनच चालत आलो होतो. एका पायावर उभा राहून दुसरा कुठं ठेवावा याचा विचार करत मी बराच वेळ काढला. लांबून पाहणाऱ्याला मी बगळ्याची नक्कल करतोय असं वाटलं असेल.

परतताना माझ्या डोक्यात कार्यशाळेतले शब्द घुमायला लागले. ‘संवेदनशील क्षेत्र’, ‘सीमांकन’. ह्या जागेला कुंपण नाही तर निदान खुणा तरी हव्यात, म्हणजे कुणी चुकून पाय टाकणार नाही. काठाला बेशरमीची झुडपं माजली होती, त्यांच्या काड्या मोडून घेतल्या. खुणेसाठी कापड हवं होतं. घरी आलो तर माय दळण घेऊन गिरणीवर गेलेली. खुंटाळ्याला जुन्या कपड्यांचं बोचकं लटकत होतं, त्यातलं एक निळं लुगडं काढून मी टराटरा फाडायला लागलो.

“हे कामून फाडायलात?” बायकोनं विचारलं.

“संवर्धनासाठी.”

“मायला इचारलंत का?”

“जुनंच आहे ते,” मी म्हणालो.

ऊन उतरता उतरता मी जिभेच्या चहूबाजूंनी खुंट्या रोवल्या आणि प्रत्येकीला निळी चिंधी बांधली. वाऱ्यावर त्या फडफडायला लागल्या तेव्हा मला खरोखर भरून आलं. फोटो काढून कार्यशाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली पटापट अंगठे उमटायला लागले. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून मी घरी आलो, पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो. खुंटी, चिंधी, निळा रंग, सगळं माझ्याच हातून बांधून झालं होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही उजाडलं नव्हतं.

उजाडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी बशीत चहा ओतून बसलो होतो. मावशी दारात आली, पण रोजच्यासारखी आत येऊन बसली नाही. तिच्या हातात बियाण्याची पिशवी होती.

“अक्का,” ती मायला म्हणाली, “धरलीस तर धरलीस. पर मला सांगायचं तरी व्हतं. मी बी घेऊन गेलते.”

“काय धरली?” माय चुलीपुढून म्हणाली.

“जीभ. सगळी. चारी मेरंनं तुझं निळं फडकं लागलंय. बाया म्हणायल्या, अक्काचा मुलगा सर झाला, आता अक्काला एक तुकडा पुरंना.”

मायनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं खुंटाळ्यावरच्या बोचक्याकडं पाहिलं, मग बाहेर वाळत घातलेल्या माझ्या पँटीवरच्या चिखलाकडं. माझी बशी तोंडापाशी तशीच राहिली. इतक्या वर्षांत मायच्या तोंडाकडं बघून कुणी असं बोललं नव्हतं, हे मला मावशी दारातच उभी राहिली त्यावरून कळलं.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी व्याख्यान सुरू केलं. “मावशी, ती जमीन मायनं धरलेली नाही. मी खुणा केल्यात. ते सीमांकन आहे.”

“कशाचं?”

“अंड्यांचं.”

मावशीनं मायकडं पाहिलं. शहरात राहून माझं काही बिघडलंय का, असं ती नजरेनंच विचारत होती. मी मग आर्लीबद्दल सांगितलं, ती उघड्यावर अंडी कशी घालते, गाळपेरीत ती कशी तुडवली जातात. तिथंही थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला कार्यशाळेतलं सगळ्यात आवडतं वाक्य आठवलं आणि मी सांगितलं की पाणथळ जागा ह्या पृथ्वीच्या किडन्या असतात.

“माझ्या भावजयीची किडनी खराब झालीय,” मावशी म्हणाली. “लय हाल हायेत तिचे.”

मी बशी खाली ठेवली. मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पुसले आणि म्हणाली, “चल.”

आम्ही तिघं काठावर गेलो. जिभेच्या अलीकडं पाचसहा बाया उभ्या होत्या. कुणी खुंट्यांच्या आत गेलं नव्हतं, कुणी चिंधीला हात लावला नव्हता. मी इतक्या हौसेनं खुणा केल्या होत्या की कुणी आत पाय टाकू नये, आणि त्या बाबतीत मला नाव ठेवायला जागा नव्हती. माय चपला काढून खुंट्या ओलांडून आत गेली, आणि मी तिच्यामागं. पाखरं उठली. एक मात्र उडालं नाही. ते आमच्यापुढं एक पंख ओढत, फरफटत चाललं.

“पंख मोडला का हिचा?” माय त्याच्यामागं निघाली.

“मोडलेला नाही,” मी म्हणालो. “सोंग आहे ते. आपण तिच्यामागं जावं, अंड्यांपासून लांब, म्हणून.”

माय होती तिथंच थांबली. “म्हंजे इथंच कुठंतरी हायेत,” ती म्हणाली आणि पायाखाली बघायला लागली. तिच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होती. ती वाकली, हात लावला नाही, नुसती बघत राहिली. ते पाखरू तिकडं पंख फरफटवत ओरडत होतं.

मी हळू आवाजात म्हणालो, “माय, मी बायांना सांगतो. ह्या खुंट्या तू रोवल्या नाहीत, मी रोवल्या. तुला ठाऊकच नव्हतं. विषय संपला.”

“आन उद्या दुसऱ्या कुणाचं पोरगं येऊन मायचं फडकं बांधंल, आन म्हणंल मायला ठाव नव्हतं. मंग?” ती म्हणाली. “चिंधी माझी हाय. खुंटी माझीच.”

“मग उपटून टाकू.”

“उपटल्या तर मावशी बी टोचंल. टोचावंच लागंल तिला, जागा तिचीच हाय. मंग ह्यांचं काय करतूस?”

कार्यशाळेत यावर सत्र नव्हतं. मी टोपी काढली आणि परत घातली. माय उठली, पाय जपून टाकत बाहेर आली आणि बायांसमोर उभी राहिली.

“यंदा जीभ माझी,” ती म्हणाली. “खोडापाशी माझी खुंटी अजून लागली न्हाई. मावशे, तिथं तू रोव.”

“आन तू इथं काय पेरतीस?” मावशीनं विचारलं. “त्या अंड्यात?”

“पेरत न्हाई.”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशी पुढं आली, मायच्या दंडाला धरून म्हणाली, “अक्का, इचार कर.”

“केला,” माय म्हणाली.

मला वाटलं, मावशी एका उन्हाळ्याच्या काकड्यांबद्दल बोलतेय. घरी परत येताना मी मायला सांगितलंसुद्धा की काकड्यांची काळजी करू नकोस, मी परभणीहून आणून देईन. ती पुढं चालत राहिली. मला तो होकार वाटला.

त्या उन्हाळ्यात माय रोज सकाळी आणि उतरत्या उन्हात जिभेच्या तोंडाशी छत्री घेऊन बसायची. कुत्री हाकलायची, शेरडं वळवायची. बाया आपापल्या तुकड्यांत वाकलेल्या असायच्या आणि तिच्याकडं बघून म्हणायच्या, “अक्का पाखरं पेरायली.” गाळ धरायचा आणि पेरायचा नाही, असं त्या काठावर कुणी कधी केलं नव्हतं. माय हसायची आणि म्हणायची, “यंदा भाव चांगला हाय.”

मी मात्र हवेत होतो. शाळेत तिचा छत्रीखालचा फोटो पडद्यावर दाखवून मी ‘लोकसहभागातून पाणथळ संवर्धन’ या विषयावर बोललो. फोटोखाली लिहिलं होतं, ‘स्थानिक महिलांचा उत्स्फूर्त सहभाग’. ती माझी माय आहे आणि तिचं लुगडं मी न विचारता फाडलं, एवढं सोडून सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी मला शाल आणि नारळ दिला. ते घेऊन मी गावाकडं गेलो आणि मोठ्या मनानं शाल मायच्या खांद्यावर घातली. तिनं ती हातानं चाचपून पाहिली आणि म्हणाली, “जाड हाय. बरं झालं, गाळात बुडाखाली कायतरी पायजेच व्हतं.” दुसऱ्या दिवसापासून माझा सत्कार ती चारपदरी घडी करून त्यावर बसायला लागली.

एप्रिलमध्ये अजून एक गंमत झाली. बेशरमीची काडी ओल्या गाळात रोवली की तिला मुळं फुटतात, हे मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. तळ्याच्या काठाला ती कशी पसरते, दुसऱ्या वनस्पतींना कशी जागा देत नाही, याचं चित्रही फळ्यावर काढतो. माझ्या संवर्धनाच्या खुंट्यांना पानं फुटली होती. काहींना जांभळी फुलंसुद्धा आली होती. पिल्लं तोवर पळायला लागली होती म्हणून मी एकेक खुंटी काळजीनं उपटायला घेतली, आणि पाण्याकडच्या बाजूला मांडीपर्यंत गाळात रुतलो. हलावं तसा आत जायला लागलो. मावशीनं तिच्या तुकड्यातून थोडा वेळ पाहिलं, मग बांबू घेऊन आली.

“सर,” तिनं बांबू पुढं करत विचारलं, “तुमी काढायलात का लावायलात?”

मी बाहेर आलो, माझी एक चप्पल आली नाही. पण पिल्लं उडाली. पाऊस पडला, पाणी चढलं, जीभ बुडाली, आणि मी माझ्या मनात त्या सगळ्या प्रकरणाला यश असं नाव देऊन टाकलं.

यंदा फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा काठावर बाया खुंट्या रोवत होत्या. मला हुरूप आला. घरात माय ज्वारी निवडत बसली होती. मी म्हणालो, “ऊठ माय, ह्या वर्षी तुझ्या खुंट्या मी रोवून देतो. बाभळीच्या आणल्यात, ह्यांना पानं फुटायची नाहीत.”

“माझी खुंटी सुटली,” ती म्हणाली. सुपातला खडा तिनं बाजूला टाकला.

“सुटली म्हणजे?”

“धरून पडीक ठेवली की सुटती. मंग परत रोवायची न्हाई.”

“किती दिवस?”

“किती दिवस काय. सुटली ती सुटली.”

मी खाली बसलो. मावशीनं ‘इचार कर’ कशाबद्दल म्हटलं होतं ते मला एक वर्षानं कळलं. त्या काठावरच्या प्रत्येक बाईला ते तेव्हाच कळलं होतं. फक्त ज्यानं खुंट्या रोवल्या त्याला नव्हतं, आणि तो पडद्यावर फोटो दाखवत फिरत होता.

“मला सांगायचंस ना,” मी म्हणालो.

“सांगितलं असतं तर तू उपटल्या असत्या.”

उपटल्या असत्या. तिला मी बरोबर ठाऊक आहे. मी उठलो आणि म्हणालो की मी आत्ता जाऊन बायांशी बोलतो, त्या माणुसकीच्या आहेत, एवढ्यासाठी त्या रीत बाजूला ठेवतील.

“मावशी तयारच व्हती,” माय म्हणाली. “सगळ्या तयार व्हत्या. मीच नगं म्हणाले.”

“का?”

“ज्येला शेत हाय, ज्येला टॅक्टर हाय, त्यो उद्या चार माणसं लावून सगळा काठ धरंल. आन म्हणंल, पाखरासाठी धरलाय. मंग ह्या बायांनी कुठं जायचं?” तिनं सूप हलवलं. “जीभ सोडलीय बायांनी. कुणी धरत न्हाई. पाखरं आलीत म्हणं परत. जाऊन बघ.”

मी बघायला गेलो नाही. दुर्बीण खुंटाळ्याला अडकवली आणि अंगणात बसून राहिलो. लाज वाटत होती, सरळ लाज, तिला दुसरा शब्द नाही. पगार माझा, घर माझं, टोपी माझी. तिच्याकडं तिचं म्हणावं असं वर्षातले चार महिने पाण्याबाहेर येणारा एक तुकडा होता, तोही सरकारचा. तो तिनं दिला आणि देताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हल्ली ती मावशीच्या तुकड्यात खुरपायला जाते. मावशी तिला मजुरी देऊ बघते, ती घेत नाही, आणि त्यावरून दोघी रोज भांडतात.

परवा जिंतूरच्या बाजारातून मी काकड्या घेतल्या. चांगल्या कोवळ्या, हिरव्यागार निवडून घेतल्या, नखानं दाबून बघून. घरी गेल्यावर मायपुढं ठेवल्या. तिनं एक उचलली, उलटीपालटी केली.

“इकतची हाय का?”

“हो,” मी म्हणालो.

आमच्या घरात काकडी कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. तिनं विळीवर शेंडा कापला, मीठ लावून घासला, फेस काढून टाकला. दोन फोडी केल्या, एक माझ्यापुढं ठेवली आणि दुसरी ती खायला लागली. “चांगली हाय,” म्हणाली. सावकाश चावत तिनं पूर्ण फोड संपवली. मी बाजारातल्या गर्दीचं काहीबाही सांगत होतो. ती हात धुवायला उठली तेव्हा मी माझी फोड तोंडात घातली. एक घास गिळवला नाही, इतकी ती कडू होती.